वाघाच्या मावशीचे डोळे



आज जे लिहिते आहे त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून झाली, म्हणून आधी ती चूक सांगून टाकते.

आमच्या जव्हार-मोखाडा भागात दिवाळीची चाहूल लागते ती वाघबारशीने. आश्विन वद्य द्वादशी. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, आणि इथे पाड्यापाड्यांवर वाघोबाची. ज्याच्यापासून गुरं राखायची त्यालाच हात जोडायचे! लाकडावर नाहीतर दगडावर कोरलेला वाघोबा, सोबत चंद्र-सूर्य, हे मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं. मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे १५० ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. वाघोबा म्हटलं तरी त्यात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोघंही आले. आता इथल्या माणसाने ‘वाघ दिसला’ म्हटलं की तो बिबट्याच असतो, हे सांगायला नको.

तर त्या दिवसांत मी सातवीच्या मुलांना वाघोबाचं चित्र काढायला सांगितलं. दिवाळीनंतर काही घरं वीटभट्ट्यांवर कामाला निघतात, मग वर्ग अर्धा रिकामा होतो. त्याआधी सगळ्यांच्या हातून भिंतीवर लावण्यासारखं काहीतरी व्हावं एवढाच माझा हेतू. चित्रं छान आली. जवळजवळ प्रत्येक वाघाच्या पिवळ्या डोळ्यात मधोमध एक उभी काळी रेघ होती. मी खूश होऊन म्हटलं, “बरोबर निरीक्षण! मांजराच्या कुळातल्या सगळ्या प्राण्यांच्या डोळ्यात अशी उभी चीर असते.”

दुसऱ्या दिवशी एक मुलगी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढून पिंजऱ्यात ठेवलं होतं, त्याचा जवळून घेतलेला फोटो. तिने डोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाई, याच्या डोळ्यात चीर नाही. आपल्यासारखं गोल आहे.”

खरंच गोल होतं. भर उन्हातला फोटो, आणि पिवळ्या बुबुळात मधोमध काळा गोल ठिपका. मागून एकाने लगेच विचारलं, “मग मांजर वाघाची मावशी कशी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. “शोधून सांगते” म्हटलं आणि सुट्टीत तेच केलं. जे हाती लागलं ते वर्गात कसं मांडलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या घरी करून पाहा. साहित्य म्हणाल तर एक मांजर, एक शेळी, जुनं पोस्टकार्ड आणि मोजपट्टी.

बाहुली म्हणजे भोक

दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग १ मध्ये ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या पाठात मानवी डोळा येतो. तिथे बुबुळ (परितारिका), बाहुली, दृष्टिपटल हे सगळे शब्द आहेत. पण सातवीच्या मुलांना त्यासाठी तीन वर्षं थांबायला लावायचं काही कारण नाही. जोड्या करून समोरासमोर बसवा आणि एकमेकांच्या डोळ्यात पाहायला सांगा. बुबुळाच्या मधल्या काळ्या भागात आपलंच इवलंसं रूप दिसतं, बाहुलीएवढं. म्हणून ती डोळ्याची बाहुली. संस्कृतातला ‘कनीनिका’ हा शब्द लहान मुलीवरूनच आलेला, आणि इंग्रजीतल्या ‘प्युपिल’मागे जो लॅटिन शब्द आहे त्याचाही अर्थ लहान मुलगी, बाहुली असाच आहे. भाषेच्या तासालाही हे वापरता येईल. (प्रतिबिंब पडतं ते खरं तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक, चकचकीत पटलावर. पण मागे काळोख असल्यामुळे ते बाहुलीवर उठून दिसतं.)

मुलांना सर्वांत आश्चर्य वाटतं ते याचं, की बाहुली ही काही वस्तू नाही, ते नुसतं भोक आहे. काळं का दिसतं? भर दुपारी लांबून एखाद्या कुडाच्या घराकडे पाहा. आत चूल आहे, भांडी आहेत, माणसं आहेत, पण उघडं दार बाहेरून काळंच दिसतं. आत गेलेला उजेड फारसा बाहेर येत नाही म्हणून. डोळ्याचंही तसंच.

उजेड जास्त झाला की हे दार बारीक व्हायला हवं. आपल्या बुबुळात बाहुलीभोवती स्नायूची एक कडी असते. ती आवळली की भोक लहान होतं. बटव्याची नाडी ओढल्यासारखं! मुलांना डोळ्यांवर तळहात ठेवून मिनिटभर बसवा, मग खिडकीकडे तोंड करून हात काढायला सांगा. समोरच्या मुलाला बाहुली आकसताना स्पष्ट दिसते. टॉर्चची गरज नाही, आणि टॉर्च तर कुणाच्याच डोळ्यात मारायची नाही, मांजराच्याही नाही.

आता बटव्याची अडचण बघा. नाडी कितीही ओढली तरी कापडाच्या चुण्या मधे गोळा होतात आणि तोंड पूर्ण मिटत नाही. आपली बाहुली साधारण २ मिलिमीटर व्यासापर्यंत लहान आणि अंधारात साधारण ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र येणाऱ्या मुलांना हिशेब करू द्या: त्रिज्या चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. शास्त्रज्ञही माणसासाठी साधारण १५ पट हाच आकडा देतात.

मांजराचं गणित वेगळं आहे. तिच्या बुबुळात बाहुलीच्या दोन्ही बाजूंना जादा स्नायू असतात. ते दोन बाजूंनी बाहुली दाबत आणतात, पडद्याचे दोन पल्ले मधे ओढावेत तसे. पल्ले जवळजवळ मिटले तरी वरपासून खालपर्यंत एक चीर उरते. पूर्ण उघड्या बाहुलीचं क्षेत्रफळ त्या चिरेच्या तब्बल १३५ पट भरतं. कुठे १५ आणि कुठे १३५!

एवढी ओढाताण तिला का लागते? मांजर रात्री उंदरामागे असते आणि दुपारी ओट्यावर उन्हात पसरलेली असते. तिचा डोळा मुळात रात्रीसाठी बनलेला. आपल्याला लागतो त्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतक्या उजेडात तिचं काम भागतं. दृष्टिपटलाच्या मागे एक चकाकणारा थर असतो. दृष्टिपटलातून आरपार गेलेला उजेड त्यावरून उलटून पुन्हा दृष्टिपटलावर येतो, म्हणजे एकाच उजेडाचा दोनदा उपयोग. रात्री बॅटरीच्या झोतात मांजराचे, बिबट्याचे, गुरांचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. आपल्याला तो थर नाही. इतका नाजूक डोळा घेऊन दुपारच्या उन्हात बसायचं तर दार घट्ट मिटता यायलाच हवं.

इथे मुलांना गृहपाठ द्या. घरच्या मांजराचा डोळा तीन वेळा पाहायचा: दुपारी उन्हात, घरात सावलीत, आणि दिवेलागणीला चुलीपाशी. वहीत नुसता आकार काढायचा. आमच्या मुलांनी उन्हातली सुईसारखी रेघ, सावलीतलं तांदळाच्या दाण्यासारखं रूप आणि संध्याकाळचा चांगला टपोरा गोल, अशी तीनही चित्रं आणली. संध्याकाळी मांजराची बाहुलीही गोलच दिसते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

शेळी मधे आली

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. रात्री हिंडणाऱ्याला चीर, दिवसा वावरणाऱ्याला गोल. पण मग बिबट्या? तोही रात्रीच निघतो, त्याच्याही डोळ्यात चकाकणारा थर आहे, तरी बाहुली गोल. आणि एका गुराख्या मुलाने दुसरा खिळा ठोकला: “बाई, बकरीच्या डोळ्यात पण चीर आहे. पण आडवी.”

शहरातल्या किती मुलांना हे ठाऊक असेल? आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी कधी विचारलं नव्हतं. उजेड कमी-जास्त करणं एवढंच काम असतं तर चीर उभी, आडवी, तिरकी कशीही चालली असती. दिशा ठरलेली आहे म्हणजे दिशेलाही काम असणार.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांनी जमिनीवर राहणाऱ्या २१४ प्रकारच्या प्राण्यांच्या बाहुल्यांची तुलना केली आणि २०१५ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ढोबळ मानाने असं दिसलं: आडव्या बाहुल्या बहुतेक चरणाऱ्या, शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या, ज्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उभ्या बाहुल्या दबा धरून झडप घालणाऱ्यांच्या, आणि त्यातही दिवसा-रात्री दोन्ही वेळा जागे असणाऱ्यांच्या.

शेळीचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. तिला एकच चिंता: कुठून काय येतंय? आडवी बाहुली म्हणजे जमिनीलगत पसरलेली रुंद खिडकी. डावी-उजवीकडचा मोठा पट्टा दिसतो, आणि वरून येणारं उन्हाचं झळझळीत तेज कमी आत येतं. पण शेळी चरताना मान खाली घालते. मग बाहुली उभी व्हायला नको का? होत नाही! मान खाली गेली की डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरतो, ५० अंशांहूनही जास्त, आणि चीर जमिनीला समांतरच राहते. दोन्ही डोळे उलट दिशांना फिरतात तेव्हा कुठे हे जमतं. हे पुस्तकातून सांगू नका. मुलांना शेळ्यांमागे जाताना बघून यायला सांगा. आमच्यातले दोघे पोटावर आडवे होऊन बघत बसले आणि शेळ्या शेजारच्या वरईत गेल्या, त्याबद्दल पालकांचं बोलणं मी खाल्लं. तेवढी काळजी घ्या.

पोस्टकार्डाची चीर

आता मांजराची उभी चीर. हा भाग थोडा अवघड आहे, पण हाताने केला की पटकन कळतो.

जाड कागदावर किंवा जुन्या पोस्टकार्डावर ब्लेडने साधारण १ मिलिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर लांब फट कापा (ब्लेड शिक्षकाच्या हातात). गणिताची चौकटींची वही डोळ्यांच्या इतकी जवळ आणा की रेघा धूसर दिसू लागतील, मुलांच्या बाबतीत अगदी चार-पाच सेंटिमीटरवर. एक डोळा मिटा. फट डोळ्याला लावून उभी धरा. उभ्या रेघा स्वच्छ होतात, आडव्या धूसरच राहतात. आता कार्ड फिरवून फट आडवी करा: आडव्या रेघा स्वच्छ, उभ्या धूसर! चाळिशीचा चष्मा लागलेल्या शिक्षकांना चष्मा काढला की हा प्रयोग मुलांपेक्षा चांगला जमतो, स्वानुभवाने सांगते. फटीतून सूर्याकडे मात्र कुणी पाहायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

कारण असं. भोक जितकं बारीक, तितकी धूसरता कमी. उभी फट डावी-उजवीकडे बारीक आहे, पण वर-खाली लांब. त्यामुळे धूसरता उरते ती फक्त वर-खाली पसरते. उभी रेघ स्वतःच्याच अंगावर पसरली तर काय बिघडतं? ती स्वच्छच दिसते. आडवी रेघ मात्र वर-खाली फासली जाते.

म्हणजे मांजराला उन्हात उभ्या कडा, गवताच्या काड्या, झुडपांचे बुंधे, जवळचे असोत की लांबचे, रेखीव दिसतात. याचा फायदा कळायला आणखी एक खेळ. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आणि तिचा खांब यांच्यासमोर उभे राहा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. खांब मागच्या झाडांपुढे इकडून तिकडे उडी मारतो. दोरी मात्र हललेली कळत नाही, कारण ती सरकली तरी स्वतःवरूनच सरकते. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या या फरकावरून मेंदू अंतर काढतो, आणि तो फरक उभ्या कडांवरच वाचता येतो. झडप घालणाऱ्याला अंतर अचूक हवं. वीतभर चुकलं तर उंदीर बिळात आणि मांजर उपाशी.

मग धूसर राहिलेल्या आडव्या कडा वाया गेल्या का? नाही, त्यांचाही उपयोग आहे, आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. समोरच्या जमिनीवर मांजराची नजर जिथे रोखलेली असते तिथली जमीन स्पष्ट, त्याच्या अलीकडची धूसर, पलीकडचीही धूसर. किती धूसर, यावरून किती अंतर, याचा अंदाज लागतो. तुमच्या मोबाइलने हे दाखवता येईल. कॅमेरा अगदी जमिनीलगत धरून वीतभरावरच्या काडीचा फोटो घ्या: काडीपाशी एक पट्टा स्पष्ट, पुढे-मागे सगळं विरघळलेलं. आता उभे राहून त्याच जमिनीचा फोटो घ्या: सगळंच स्पष्ट, कारण आता सगळीच जमीन लांब आहे. जवळच्या वस्तूंत थोडं अंतर बदललं तरी धूसरपणा झपाट्याने बदलतो, लांबच्या वस्तूंत फारसा बदलत नाही.

आता वर्गातल्या त्या प्रश्नाकडे येते. धूसरपणावरून अंतर मोजण्याची ही युक्ती डोळा जमिनीजवळ असेल तरच कामाची. बुटक्या शिकाऱ्याला तिचा मोठा आधार, उंच शिकाऱ्याला ती जवळजवळ निरुपयोगी. बँक्स यांच्या गटाने डोळे समोर असलेल्या आणि दबा धरणाऱ्या ६५ शिकारी प्राण्यांची उंची पाहिली. त्यांपैकी ४४ जणांची बाहुली उभी होती, आणि त्या ४४ मधले ३६ जण खांद्यापाशी ४२ सेंटिमीटरहून बुटके होते.

४२ सेंटिमीटर! आम्ही फूटपट्टी एक पूर्ण आणि वर १२ सेंटिमीटर अशी धरून वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून खडूने रेघ मारली. घरची मांजर खांद्यापाशी साधारण २५ सेंटिमीटर. रानमांजर साधारण ३६, म्हणजे रेघेखाली. बाहुली दोघांची उभी. बिबट्या ६० ते ७०, पट्टेरी वाघ मीटरभराच्या आसपास. बाहुली दोघांची गोल. सिंहाचीही गोल. मुलं एकेक करून रेघेपाशी हनुवटी टेकवून जमीन ‘मांजराच्या नजरेने’ बघायला लागली आणि अर्धा तास वर्ग जमिनीवरच होता.

मावशी-भाच्याच्या डोळ्यांत फरक पडला तो नात्यामुळे नाही, उंचीमुळे आणि राहणीमुळे. जाता जाता त्या गोष्टीबद्दल. मावशीने वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढायचं शिकवलं नाही, असं आपण सांगतो. आमच्या मुलांना ती गोष्ट कधीच पटली नाही. त्यांच्या लेखी वाघ म्हणजे बिबट्या, आणि बिबट्या शिकार तोंडात धरून झाडावर चढतो!

हेच चित्र कुत्र्याच्या कुळातही दिसतं. लहानशा खोकडाची बाहुली उभी. कोल्हा, लांडगा आणि आपला कुत्रा यांची गोल. इथे एक तक्रार नोंदवते. इंग्रजी गोष्टींतल्या ‘फॉक्स’चं भाषांतर आपण सर्रास ‘कोल्हा’ करतो. फॉक्स म्हणजे खोकड. कोल्हा वेगळा, तो फिरून, पळून, मिळेल ते शोधून खाणारा. मुलं दोघांचे डोळे शेजारी ठेवून बघतील तेव्हा तरी हा घोळ मिटावा.

सगळं इतकं चोख जुळतं असं मात्र समजू नका. लडाखच्या थंड पठारावर ‘मनुल’ नावाचं रानमांजर आहे. घरच्या मांजराएवढंच, रेघेच्या कितीतरी खाली, आणि बाहुली गोल! स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २००६ मध्ये वेगळीच बाजू दाखवली होती. काही प्राण्यांच्या भिंगात मध्यापासून कडेपर्यंत वेगवेगळी वलयं असतात, आणि वेगवेगळ्या रंगांचा उजेड वेगवेगळ्या वलयांतून नीट जुळतो. गोल बाहुली आकसली की कडेची वलयं झाकली जातात. चीर मात्र कितीही बारीक झाली तरी मध्यापासून कडेपर्यंत सगळ्या वलयांवर थोडी थोडी उघडी राहते. म्हणजे चिरेला एकच कारण नाही, तीन-चार कारणं एकत्र आली आहेत. परीक्षेत ‘एका वाक्यात उत्तर लिहा’ म्हणून हा प्रश्न कृपा करून घालू नका.

पालकांसाठी, जरा गंभीरपणे

एवढं शिकल्यावर मुलं प्रत्येक डोळ्यात बाहुली शोधू लागतात, आणि म्हणूनच मला पुढचं लिहावंसं वाटलं.

पहिलं, रात्री चमकणारे डोळे. अंधारात सगळ्याच बाहुल्या मोठ्या आणि गोल होतात, हे मांजराच्या तीन चित्रांत आपण पाहिलंच. त्यामुळे बॅटरीच्या झोतात गोल डोळा दिसला म्हणजे बिबट्या, आणि तसा नाही म्हणजे मांजर, असलं काही ठरवायला जाऊ नये. डोळे चमकले की मागे व्हायचं, मोठ्याने बोलत, एकत्र राहून घरात यायचं. ओळख पटवणं हे आपलं काम नाही.

दुसरं, पिल्लं. गवत कापताना, भात झोडताना कधी ठिपक्या-पट्ट्यांची पिल्लं सापडतात. बिबट्याची बछडी, रानमांजराची पिल्लं आणि वाघाटीची पिल्लं लोकांना सारखीच वाटतात, आणि डोळ्यांवरून ती ओळखायची म्हणून मुलं तोंडाशी तोंड नेणार! लहान पिल्लांचे डोळे सुरुवातीला मिटलेलेच असतात, तेव्हा ही युक्ती तिथे चालतही नाही. पिल्लू कुणाचंही असो, त्याची आई बहुधा जवळच असते. उचलायचं नाही, हात लावायचा नाही, मुलांना घेऊन लांब व्हायचं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. जुन्नरकडे उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची बछडी वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था पुन्हा त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. घरी आणलेल्या पिल्लाची आई मात्र त्याला शोधत फिरते, आणि ती मादी बिबट्याची असेल तर ते कुणालाच परवडणारं नाही.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं, कारण आपल्या भागात पावसाळ्यात सर्पदंश होतातच. “उभ्या बाहुलीचा साप विषारी, गोल बाहुलीचा बिनविषारी” असं मोबाइलवर फिरत असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलानेही ते ऐकलं होतं. हे साफ चूक आहे, आणि जीव घेईल इतकं चूक आहे. घोणस आणि फुरसं यांची बाहुली उभी हे खरं. पण नाग आणि मण्यार यांची बाहुली गोल आहे, आणि झोपलेल्या माणसाला रात्री चावणारी मण्यार किती घातक ते इथे सांगायला नको. उलट, ज्याचं नावच डोळ्यांवरून पडलं तो मांजऱ्या साप बघा. उभी बाहुली, सौम्य विष, माणसाच्या जिवाला धोका नाही. लोक मात्र त्यालाच फुरसं समजून मारतात. सापाच्याही उभ्या चिरेचा संबंध त्याच्या जागण्याच्या वेळेशी आणि दबा धरण्याशी आहे, विषाशी नाही. साप चावला तर त्याचे डोळे, दात, रंग काहीही बघत बसायचं नाही. चावलेला अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात, जिथे प्रतिविष मिळतं तिथे. भगताकडे जायचं असेल तर नंतर, बरं होऊन चालत जा.

हे मी पालकसभेतही सांगितलं. एका आजोबांनी शेवटी विचारलं, “मग मांजर वाघाची मावशी नाही म्हणता?” मी म्हटलं, “बाबा, मावशीच आहे. उंचीने कमी भरली एवढंच.”

भिंतीवरची ४२ सेंटिमीटरची रेघ अजून आहे. खाली कुणीतरी खडूने मांजर, रानमांजर आणि खोकड काढलं आहे. वर बिबट्या, वाघ आणि कोल्हा. मनुलसाठी रेघेखालीच एक वेगळा चौकोन करून त्यात प्रश्नचिन्ह टाकलं आहे. गेल्या वाघबारशीला पुन्हा चित्रं काढली. सगळ्या वाघोबांचे डोळे गोल, फक्त एकाच्या चित्रात उभी चीर. मी त्याच्यापाशी थांबले तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बाई, हा वाघ नाही. मावशी आहे.”